वाफेचा आवाज

कारखान्यात सगळे त्याला मशालजी म्हणत. नकोसा झालेला वायू उंच धुराड्याच्या टोकाशी जाळून टाकायचा, तसाच वस्तीवर जाऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम. धूर होऊ नये म्हणून ज्योतीत वाफ सोडायची; ती कमी पडली की काळा धूर. जास्त झाली की ज्योतच विझायची.

"बायकोपेक्षा हिचीच मर्जी जास्त राखतोस," सोबती चिडवत. बायको गेली आणि चिडवणंही थांबलं.

तिची शिलाई मशीन डोळ्यांसमोर नको, म्हणून लेकीला न विचारताच त्याने ती कुणा परक्याला देऊन टाकली. आईची तेवढीच खूण होती. लेकीने बोलणं टाकलं. राहायची कारखान्याच्या भिंतीपलीकडच्याच गल्लीत, पण नात झाल्याचं त्याला परक्या तोंडून कळलं.

त्या दुपारी वायू दाबून पुढे ढकलणारा कंप्रेसर बंद पडला. सगळा वायू धुराड्याकडे धावला, ज्योत ताडमाड झाली. मशालजीने वाफ वाढवली, तशी वाफ अशी गर्जू लागली की खोलीच्या काचा थरथरल्या. तक्रारींचा फोन वाजला.

"ते बोंबलणं बंद करा. लेकरू दचकून उठतंय."

आवाज त्याने ओळखला. तिनेही ओळखला असणार.

"थोडा वेळ लागेल, बाई."

"वाफ कमी केली की आवाज कमी होतो. मला नका शिकवू, मशालजीच्या घरात वाढलेय मी."

इतक्या दिवसांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. त्याने वाफ जराशी कमी केली. ज्योतीची कड काळवंडली आणि वारा धुराची बट ओढत थेट तिच्या गल्लीकडे निघाला. त्याने वाफ पुन्हा वाढवली.

"नाही जमणार. धूर तुझ्याच खिडकीत येईल, बाळा."

"तुम्ही कधी कुणाचं ऐकलंय?" फोन आपटला.

मग ज्योत, वाफ आणि तो. तिघांत बोलणारी एक वाफच.

ऊन कलताना कंप्रेसर सुरू झाला, ज्योत खाली बसली. तक्रार करणाऱ्याला काम आटोपल्याचं कळवायचं, हा नियम. आज त्याला तो नियम फार आवडला. त्याने नंबर फिरवला.

"आवाज थांबलाय, बाई."

"कळलं." मग कुजबुज आली, "आत्ताच झोपलीय. हळू बोला."

रिसीव्हर कानाला घट्ट लावून तो उभा राहिला. पलीकडे तिनेही अजून फोन ठेवला नव्हता.