पिटुकलीचं पोट भरलंय

दंड मोजायची पट्टी लाल रंगावर थांबली, तेव्हा आजीनं आधी पट्टीलाच बोल लावला.

"आवळून बांधलीस गं! पोरीचा दंड आहे, सुतळीची जुडी नव्हे."

सिस्टर हसली. वयानं ती आजीच्या धाकट्या लेकीएवढी असेल. तिनं पट्टी सोडली, पिटुकलीचा दंड हलकेच चोळला आणि पुन्हा गुंडाळली. पुन्हा लालच. हिरवा म्हणजे मूल ठणठणीत, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, आणि लाल म्हणजे मूल आतून वाळत चाललंय. साडेतीन वर्षांची नात, आणि दंड बघावा तर आजीच्या दोन बोटांच्या कड्यात मावणारा.

भूकंपाला पाच आठवडे झाले होते. शाळेच्या मैदानावर तंबू, आणि एका वर्गात बाकं भिंतीला सारून हे पोषण केंद्र. आजीचा मुलगा परगावी कामाला होता, रस्ता खचल्यामुळे अजून अडकलेला. सून नऊ दिवसांची बाळंतीण. सगळा भार म्हातारीच्या मानेवर, आणि ती मान तिनं तसूभरही वाकवली नव्हती. तंबूवाले तिला पाठीमागे फौजदारीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

सिस्टरनं एक पाकीट पुढं केलं. "आजी, नीट ऐका. शेंगदाणे, दूध, साखर, तेल असं यात घोटलंय. हे औषध समजा. हिनं अर्ध्या तासात या रेघेपर्यंत खाल्लं, तर भूक शाबूत आहे. मग घरीच राहील, दर आठवड्याला पाकिटं न्यायची. नाही खाल्लं, तर आजच्या गाडीनं मोठ्या इस्पितळात."

"किती दिवस?"

"आठ, पंधरा. सोबत घरचं एक माणूस लागेल."

आजीनं मनात माणसं मोजली. मोजायला वेळ लागला नाही. ती गेली तर ओली बाळंतीण एकटी, पाण्याच्या कळशीलासुद्धा हात लावणारं कुणी नाही.

"खाईल की! आमच्या घरात घासाला नाही म्हणणारं अजून जन्मायचंय."

पिटुकलीनं हात धुतले, मांडी घातली, पाकिटाचा वास घेतला. डोळे लकाकले. मग तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि पाहुण्यांशी बोलावं तसं गोड आवाजात म्हणाली, "नको. माझं पोट भरलंय."

"सकाळच्या अर्ध्या बिस्किटानं?" आजी कडाडली.

"आजी, दरडावायचं नाही. मायेनं द्या," सिस्टर म्हणाली.

आजीनं दात आवळून माया सुरू केली. "हा घास चिऊचा, हा घास काऊचा..."

"काऊचं पण पोट भरलंय."

बाकांवर लेकरं घेऊन बसलेल्या बायका खुदखुदल्या. त्यांत शेजारच्या तंबूतली शिंपीणही होती, जिच्याकडे आजीनं कधी साधी सुई मागितली नव्हती. दहा मिनिटं गेली. वीस उरली. सिस्टर पिटुकलीच्या शेजारी जमिनीवरच बसली.

"असं म्हणायला कुणी शिकवलं गं तुला?"

"आजीनं. दुसऱ्यांसमोर असंच म्हणायचं. जेवणाच्या रांगेत आजी म्हणते, आमचं झालंय. मी पण म्हणते, झालंय. मग आईचा डबा भरून घरी जातो." पिटुकलीला सांगायला कुणीतरी मिळालं होतं. "आजीचं पोट गुरगुरतं ना, तरी ते भरलेलंच असतं."

कुणी हसलं नाही.

आजीला वाटे, पोर तंबूत आईच्या डब्यातलं खाते. सुनेला वाटे, पोर रांगेत आजीबरोबर जेवून आली. दोघींच्या मधल्या वाटेवर लेकरू उपाशी चालत होतं, तेही शहाण्यासारखं, तोंड न उघडता.

"बाळा, आता खायचं. मी सांगते ना," आजी म्हणाली.

पिटुकली गालात हसली. घरी पाहुणे आले की आजी अशीच मुद्दाम खाऊ पुढं करायची, आणि नको म्हटलं की पाठीवरून हात फिरवून म्हणायची, शहाणी गं माझी बाई ती. ती त्या हाताची वाट बघत बसली.

"दे ते पाकीट, मी आधी खाते," आजी सिस्टरला म्हणाली.

"ते तिचंच, आजी. दुसऱ्या कुणी खायचं नाही."

आजीनं शिंपिणीकडे पाहिलं, मग पाहायचं सोडून दिलं.

"सिस्टर, तुझा डबा आहे?"

"आहे. का?"

"मला भूक लागलीय."

जन्मभर चार आळ्यांना ऐकू जाणारा तो आवाज, पण हे तीन शब्द त्याला पेलेनात. पिटुकली तर घाबरलीच. "आजी! असं नाही म्हणायचं!"

"म्हणायचं. लागली की म्हणायचं. मला लागलीय. घर पडलं त्या दिवसापासून लागलीय."

सिस्टरनं डबा उघडला. भात आणि एक उकडलेलं अंडं. आजी तिथंच जमिनीवर बसली आणि सगळ्यांदेखत जेवू लागली. पहिला घास नातीला दाखवण्यासाठी होता. दुसरा तसा नव्हता. तिसऱ्याला तिला नातीचंही भान राहिलं नाही, तोंड भरलेलं असताना ती इतकंच पुटपुटली, "अंडं फार उकडलंयस गं."

पिटुकली टक लावून बघत राहिली. मग तिनं आजीच्या गुडघ्यावर बोट टोचलं.

"मला पण लागलीय."

सिस्टरनं पाकिटाचा कोपरा फाडला. पोरीनं ते तोंडाला लावलं ते रेघ मागं पडली तरी सोडेना. मध्येच पाणी पाजावं लागलं. सिस्टरनं कार्डावर खूण केली आणि आजीच्या ओच्यात आठवड्याची पाकिटं घातली.

"ही पाकिटं तिची. तुम्ही संध्याकाळी रांगेत जेवायला बसायचं, आजी. मी बघायला येणार."

"ये. बसलेली दिसेन."

परतीच्या वाटेवर पिटुकलीला नवा मंत्र मिळाला होता. कडेवर बसून प्रत्येक तंबूच्या दाराशी ती ओरडायची, "माझ्या आजीला भूक लागलीय!" पहिल्या दाराशी आजीचा हात तिच्या तोंडाकडे गेला. पुढच्या दाराशी तिनं नुसतेच डोळे वटारले. तिसऱ्या दाराशी लोहाराची बायको चुलीपुढून उठून बाहेर आली. हातात पळी तशीच, आणि फौजदारणीला काय विचारावं हे न कळून ती नुसती उभी राहिली.

आजीनं नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"बघतेस काय? ऐकलंस ना पोरीनं काय सांगितलं? काय रांधलंयस ते आण दोघींपुरतं. आणि मीठ घातलंयस ना नीट? तुझ्या चुलीचा वाससुद्धा अळणी येतो."