बाथरूममधल्या पॉइंटची फिर्याद

मंगळवारी सकाळी शेजारच्या मावशींनी दार उघडले, तेव्हा काकू बाथरूमच्या ओल्या फरशीवर पडल्या होत्या. वॉशिंग मशीन अजून फिरत होते. मावशींनी आधी मेन स्विच बंद केला, मग हाक मारली. ओ आली नाही.

मित्रांनो, मी त्याच बाथरूममधला एक जुना प्लग पॉइंट आहे. माझ्या अंगावर 'सहा अँपिअर' असे ठळक लिहिले आहे. बावीस वर्षे मी काकांचे दाढीचे मशीन चालवले, कधीमधी रेडिओ. मग वॉशिंग मशीन आले. त्याला सोळा अँपिअरचा पॉइंट हवा होता. मध्ये अडॅप्टर कोंबून ते माझ्याच गळ्यात बांधले. मी तापलो, काळा पडलो. "चालतंय की!" काका म्हणाले.

वर्षभराने मशीनमधून वीज झिरपू लागली. दाराजवळच्या पेटीत ट्रिपर नावाचे बटण होते. वीज वाट सोडून पाण्यात किंवा माणसात शिरू लागली, की ते क्षणात पडायचे. ते आपले काम करत होते, म्हणूनच काका त्याच्यावर चिडले.

काकू म्हणाल्या, "अहो, बटण पडतंय म्हणजे मशीनमध्येच काहीतरी असेल. ते दाखवा ना कुणाला."

"तुझं आपलं काहीतरीच! बटण म्हातारं झालंय, माझ्यासारखं."

काकांनी वायरमनला बोलावले. त्याने ट्रिपर वगळून तारा थेट जोडल्या. माझ्यामागची अर्थिंगची, म्हणजे झिरपलेली वीज जमिनीत नेणारी तारही तोडली. "आता पडायचं नावच नाही, काका!" काकांनी त्याला चहा पाजला. भुंकतो म्हणून राखणीचा कुत्रा मारला, आणि वर चहा!

काकू गेल्यावर काकांनी वायरमनला जाब विचारला. तो म्हणाला, "मलाच का धरता? सांगितलं कुणी होतं? वरच्या तिन्ही घरांत असंच करून दिलंय. तिथे झालंय का काही?"



मित्रांनो, घरातले बटण पडले तर त्याला शिव्या देऊ नका. ते का पडले, ते मोठ्यांना शोधायला लावा. ऐकले नाही, तर ओरडून सांगा. काकू हळू बोलल्या होत्या.

दोन महिने झाले. काका रोज जिन्यापर्यंत जातात आणि परत फिरतात. वर सांगायचे, तर आधी स्वतःची चूक सांगावी लागेल. वरच्या तिन्ही घरांत मशीन चालू आहे. ट्रिपर अजून कुणीच जोडलेला नाही.