आबांची लाईन

आबा सगळ्यालाच लाईन म्हणायचे. वीज गेली की लाईन गेली, रेशनला लाईन लागली, मी उलट बोलले की “लाईनीवर ये.” भात लावायच्या दोरीलाही लाईनच. तिचं एक टोक ते धरायचे, दुसरं मी.

आबा गेल्यानंतरच्या पहिल्या आवणीला, भाताची रोपं लावताना, शेजारच्या मंगलमावशी बांधावरून म्हणाल्या, “लाईन कोन धरनार गं आता? तुज्या शाळंचं पुस्तक न्हाई ते!”

आईनं आणि मी आबांचं टोक खुंटीला बांधलं. चिखलात खुंटी सरकली आणि पहिलीच ओळ वाकडी गेली.

“राहू दे आई, भात येईलच.”

“ह्यांनी ऱ्हाऊ दिलं असतं व्हय?”

आईनं ओळीतलं एकेक रोप उपटलं. मग खुंटी काढून ते टोक स्वतः धरलं आणि माझ्याकडे न बघता दोरी ताणली.