रोज तासभर मोठ्याने

कण्णूरच्या आमच्या विडी कारखान्यात चाळीस जणींचे हात चालायचे आणि एकट्या चातुएट्टनचं तोंड. तो रोज आम्हाला पेपर वाचून दाखवायचा आणि त्याच्या वाट्याच्या विड्या आम्ही मिळून वळायचो. वयाने मोठा, म्हणून सगळ्यांचाच एट्टन, थोरला दादा. तीस वर्षं जगातली बरीवाईट बातमी आम्ही त्याच्याच आवाजात ऐकली.

कारखाना बंद पडला, मग त्याची बायको गेली. मुलगी शारजात. एकट्यासाठी कोण तारली तळतो आणि कोण दात घासतो? पेज प्यायची आणि पडून राहायचं. दात सडत गेले, शेवटी सगळेच काढावे लागले. बोलताना फसफस व्हायला लागली, तसं त्याने आम्ही जमायचो त्या वाचनालयात येणंही सोडलं. मुलीने कवळी करवून दिली, ती डबीत पडून. मी कालवण घेऊन गेले की तोंडावर पंचा धरून दारातूनच भांडं घ्यायचा.

"कवळी कुठाय?" एक दिवस मी विचारलंच.

"टोचते. आणि घालून दाखवू कुणाला, माधवी? भिंतींना?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"रोज तासभर मोठ्याने वाचा, म्हणजे सवय होईल. एकटाच ओरडत बसलो तर शेजारी मला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकतील."

मला असा संताप आला! हा माणूस असा पेजेवर विझून जाणार आणि आम्ही बघत बसणार? दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर घेऊन कारखान्यातल्या आम्ही सहा जणी त्याच्या ओसरीवर ठाण मांडून बसलो.

"वाच, एट्टा. नाहीतर आम्ही इथून हलत नाही."

बराच वेळ आत खुडबुड झाली. मग तो कवळी घालून आला. पहिली बातमी अडखळत गेली, दुसरीला सूर लागला. नदीवरच्या पुलाची बातमी होती. मंत्र्याच्या आश्वासनावर त्याने आवाज चढवला आणि वरची कवळी सुटून पेपरवर पडली.

चिरुता फिदीफिदी हसली. मग सगळ्याच. खोटं कशाला बोलू, मीही हसले. त्याने कवळी मुठीत घेतली, आत गेला, दार लावलं.

"जरा दम धरवत नाही का गं तुला?" मी चिरुतावर खेकसले.

"आणि तू काय रडत होतीस?" ती म्हणाली, पण तिचाही चेहरा उतरला होता.

आता हे दार पुन्हा उघडायचं नाही, आपणच त्याला घालवलं. आत नळ वाहत होता. मग थांबला.

दार उघडलं. कवळी जागेवर होती.

"हसून झालं असेल तर सांगा, कुठवर आलो होतो?"

सहाही जणी एकदम ओरडलो, "मार्चपर्यंत पूल पुरा होणार!"

त्याने पेपर उचलला.

"म्हणजे ऐकत होतात तुम्ही," म्हणाला, आणि नाक ओढून पुढे वाचायला लागला.