मागच्या डाव्या चाकाची कॅप

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, इंडिकेटर वेळेवर लागला आणि वेळेवर बंदही झाला. काकांनी समाधानानं मान हलवली. पन्नाशी उलटल्यावर बायकोला गाडी शिकवणं म्हणजे खायचं काम नाही, हे ते वर्षभर भेटेल त्याला ऐकवत होते. आज काकू पहिल्यांदाच एकट्या निघाल्या होत्या, घाटापलीकडे मोठ्या बहिणीकडे.

इमारतीत त्यांना गाडीकाका म्हणत, आणि त्यांच्यासमोर गाडीचा विषय कुणी आपणहून काढत नसे. एकदा निघाला की सुटका नव्हती. हल्लीच्या गाड्यांची तोंडं म्हणजे नुसता वासलेला जबडा. मागची काच इतकी चिंचोळी की मागे हत्ती उभा राहिला तरी दिसायचा नाही. चांगली बटणं काढून टीव्ही बसवलाय, म्हणजे गार हवा हवी असेल तर आधी रस्त्यावरची नजर काढा! शर्यतींबद्दलही तेच. पूर्वी चालवणारा जिंकायचा, आता टायर जपणारा जिंकतो. आणि या सगळ्या मतांच्या मुळाशी एक मत होतं, ते काकूंच्या वाट्याला सगळ्यात जास्त आलं होतं: गाडी कधी चुकत नाही, चुकतो तो चालवणारा. गिअर अडकला, इंजिन बंद पडलं, चढावर गाडी मागे सरकली, की हे वाक्य आलंच.

ते पार्किंगमध्ये हात पुसायचं फडकं घ्यायला गेले. कट्ट्यावर फडकं होतं, आणि फडक्याखाली चाकाची कॅप होती.

ती त्यांनी उचलली आणि त्यांना सकाळचं चौथं चाक आठवलं.

घाट चढायचा म्हणून सकाळी त्यांनी स्वतः पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली होती. गॅरेजवाल्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांचा क्रम ठरलेला: नट हातानं फिरवायचे, जॅक उतरवायचा, मग पाना लावून सगळं वजन टाकून आवळायचे, आणि आवळून झाल्यावरच कॅप. कॅप बसली म्हणजे चाक झालं. तीन चाकं तशी झाली. चौथ्याच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकाच्या वेळी जॅक उतरवला आणि नेमका वरच्या मजल्यावरचा बँकवाला नवी कोरी गाडी घेऊन आत शिरला. तिच्यातला बटणांच्या जागी बसवलेला तो भलामोठा पडदा बघून काकांना राहवलं नाही. पाना खाली ठेवून ते त्याला पडद्यांचे तोटे सांगायला गेले ते चांगले रंगले. मग काकूंनी जेवायला हाक मारली. जेवून आल्यावर त्यांनी जॅक आणि पाना डिकीत टाकला, वर काकूंना म्हणालेही, "डोळे झाकून जा. चाकांना माझा हात लागलाय."

त्यांनी फोन लावला. बंद. बंदच असणार, तो नियमही त्यांचाच: गाडीत बसलं की फोन बंद करून पर्समध्ये, आणि पर्स मागच्या सीटवर. मेव्हणीला फोन केला. ती म्हणाली, "अजून नाही आली. तुम्ही इतके काय घाबरलात भावजी? तुम्हीच शिकवलंय ना तिला?"

गेल्याच आठवड्यात शर्यतीत एका गाडीचं चाक निघालं होतं. चाक बदलणाऱ्यानं नट नीट आवळला नव्हता. तेव्हा काका टीव्हीसमोर ओरडले होते, अशा माणसाला घरी बसवा म्हणून. काकू शेजारी पालेभाजी निवडत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "घाईत होत असेल हो."

काका जिने चढून धापा टाकत बँकवाल्याच्या दारात उभे राहिले. ज्या गाडीला सकाळी नावं ठेवली तीच मागायची वेळ आली होती, पण लाज वाटायलाही सवड नव्हती.

बँकवाला बिचारा लगेच निघाला, पण नवी गाडी म्हणून प्रत्येक खड्ड्याला थांबून नमस्कार केल्यासारखा चालवत होता. कॅप मांडीवर घेऊन काका रस्त्याच्या कडेला बघत होते. कडेला गर्दी दिसली की ते काच खाली करून मान बाहेर काढत. एकदा होती ती फळांच्या हातगाडीपाशी. एकदा नुसतीच बंद पडलेली बस.

"काका, तुमच्या हातून असं होणार नाही हो," बँकवाला म्हणाला. "आवळलं असेल तुम्ही, विसरला असाल."

"कॅप माझ्या हातात आहे ना रे," काका म्हणाले.

घाट सुरू झाला. प्रत्येक वळणावर काका कठड्याकडे बघत. कुठे तुटलेला नाही ना, एवढंच. देवाचं नाव घ्यायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते मनातल्या मनात 'हळू, हळू' एवढंच म्हणत राहिले, आणि ते नेमकं कुणाला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

चढाच्या मध्यावर रस्ता जरा रुंद होतो, तिथे त्यांची जुनी गाडी उभी होती. चारही चाकांवर. पर्स मांडीवर घेऊन काकू कठड्यावर बसल्या होत्या. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"अगं, तू ठीक आहेस ना?" काका धावत गेले.

"मला नाही जमत हो," काकू म्हणाल्या. "घाट लागला तशी गाडी थरथरायला लागली. म्हटलं माझंच काहीतरी चुकतंय. हात सैल सोडून बघितले, गिअर बदलून बघितला, वेग कमी केला. जितकं सुधारायला जावं तितकं बिघडत गेलं. शेवटी थांबले. किल्ली घ्या तुमची. मला परत सांगू नका चालवायला."

काका चाकापाशी बसले. पाच नटांतला एक गायब होता. बाकीचे चार बोटांनी फिरत होते. आणखी दोन-चार वळणं झाली असती तर, हा विचार त्यांनी पुरता केला नाही.

मागे बँकवाला उभा होता. काकूंना काहीच माहीत नव्हतं. चार नट गुपचूप आवळायचे, किल्ली घ्यायची आणि घरी जायचं, इतकं ते सोपं होतं.

"थरथर लागल्यावर लगेच का नाही थांबलीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणता ना, गाडी कधी चुकत नाही?"

काकांनी कॅप त्यांच्यापुढे धरली. "हे चाक मी आवळलंच नव्हतं. गप्पा छाटत बसलो आणि विसरलो. चूक माझी आहे."

काकूंनी कॅप हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली. मग चाकाकडे पाहिलं. काका बोलणी खायच्या तयारीत उभे राहिले.

"म्हणजे," काकूंनी हळूच विचारलं, "मी नीट चालवत होते?"

वर्षभरात काकांनी हा एक शब्द कधी उच्चारला नव्हता.

"नीट चालवत होतीस," ते म्हणाले. "म्हणून तर उभी आहेस."

त्यांनी चारही नट घामाघूम होईपर्यंत आवळले, मग बाकीची तीन चाकंही पुन्हा तपासली. काकूंनी पाना मागून घेतला आणि एकेक नट स्वतः ओढून पाहिला. कॅप त्यांनीच बसवली. मग किल्ली उचलून त्या चालकाच्या जागी जाऊन बसल्या.

काका शेजारी बसले. बँकवाला मागून येत होता. पुढच्या वळणावर गिअर जरा उशिरा पडला आणि इंजिन कण्हलं. काकूंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे पाहिलं.

काका खिडकीबाहेर बघत होते.