अयालनेहचा अंगठा

गोज्जाम प्रांतातल्या एका डोंगरगावात देवाला सगळेच भीत, पण अयालनेहइतकं कुणी भ्यालं नसेल. रोज पहाटे शेताकडे जाताना तो चर्चच्या फाटकाचा खांब चुंबायचा, कपाळ टेकायचा आणि बाहेरूनच परतायचा. "माझं तोंड आत न्यायच्या लायकीचं नाही," म्हणायचा. माणूस असा साधा, की त्याचं पाप शोधायला दिवसाढवळ्या कंदील घ्यावा लागला असता!

त्याची बायको येशीमबेट मात्र आतल्या आत झुरायची. तिथे नवराबायकोनं प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा प्रसाद, घ्यायचा तो जोडीनंच. एकाचं अडलं की दुसऱ्याचंही अडतं.

"अहो, देव काय खातो तुम्हाला?" ती म्हणायची. "पिकली पानं आपण. एकदा जोडीनं घेऊ, मग खुशाल मरा."

म्हातारा अखेर राजी झाला. गावचे धर्मगुरू आबा मेरावी, त्यांच्यापुढे दोघांनी पापं कबूल केली. रविवारी पांढऱ्या शाली पांघरून, पाण्याचा घोटही न घेता दोघं निघाली. फाटकाशी चपला काढल्या आणि अयालनेहचा अंगठा दगडावर ठेचकाळला. रक्त आलं. रक्त वाहत असताना आत पाऊल टाकायचं नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

"फडकं बांधा नि चला," येशीमबेट कुजबुजली. "कुणाला दिसतंय?"

"ज्याला दिसायचं त्याला दिसलं की गं."

"तुम्हाला निमित्तच हवं होतं! शोधून दगड काढलात."

"पुढच्या रविवारी, येशी. एवढं सुकलं की नक्की."

तिनं अबोला धरला. तो रोज दारात अंगठा उन्हाला धरून बसायचा. तिला दिसायचं, तरी ती बोलली नाही. कशी बोलली नाही, देव जाणे. शुक्रवारी तो शेतातच छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही.

शनिवारी सकाळी प्रेत न्हाऊ घातलं. आता चार माणसं त्याला उचलून चर्चमध्ये नेणार होती, लायकी विचारणारं कुणी नव्हतं. रिवाजाप्रमाणे पायांचे अंगठे एकत्र बांधायला आबांनी दोरा घेतला. येशीमबेटनं तो मागून घेतला आणि पायाशी बसली. अंगठ्यावर कोरडी खपली धरली होती. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"अहो, सुकलं की," ती म्हणाली. "उद्याच तर रविवार होता."