कुलपाचं गाणं

विद्यापीठाच्या नाट्यविभागात दरवर्षी एक संगीत प्रहसन बसायचं, आणि ते बसवणाऱ्या बाईंचा एक हट्ट असायचा: तालमीला एक तरी बाहेरचा माणूस हवा. हशा कुठे येणार, तिथे किती थांबायचं, हे रिकाम्या खुर्च्या थोड्याच सांगणार? आणि मुलं तर आपल्याच विनोदांना विटलेली असतात.

या वर्षी बाईंनी थोरल्या भावालाच आणून बसवलं. त्यात त्यांचा स्वार्थ होता. वहिनी गेल्यापासून दादा घराबाहेर पडत नव्हता, हसणं तर त्याने टाकूनच दिलं होतं. "विभागाचं तुझ्यावाचून अडलंय," अशी थाप मारून त्यांनी त्याला बाहेर काढला. एकदा तरी तो पोट धरून हसावा, एवढंच त्यांना हवं होतं. नाटकाचं काय, ते दरवर्षी होतंच.

दादा रोज यायचा. हाताची घडी, चेहरा मख्ख. मुलं जीव तोडून विनोद करायची आणि हा गृहस्थ बँकेत नंबर लागायची वाट बघत बसावं तसा बसलेला. मुलांनी त्याचं नाव दगडोबा ठेवलं. ते बाईंच्या कानावर आलं आणि, खोटं कशाला बोला, त्यांनाही हसू आलं.

कुलपाच्या गाण्याला तर तो जास्तच मख्ख व्हायचा. नवरा-बायको गावाला निघालेत आणि बायको दर चार पावलांवर थबकते, "अहो, कुलूप ओढून पाहिलंत ना?" नवरा तणतणत मागे जातो, गाडी निघून जाते, भांडण काही संपत नाही. वहिनी अगदी अश्शीच होती. आपण भावाच्या जखमेवर रोज मीठ चोळतोय, हे बाईंना सहन होईना. प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्यांनी ते गाणं गाळून टाकलं. बायको झालेली मुलगी रडली, पण बाईंपुढे कोण बोलणार?

प्रयोग रंगला. लोक हसून हसून पांगले, तरी दादा खुर्चीतून उठेना. बाई धसकून जवळ गेल्या.

"ठमे, गाणं कुठंय?"

अख्खा विभाग ज्यांना टरकून असतो, त्यांना ठमी म्हणणारा आता हा एकटाच उरला होता.

"कुठलं?"

"कुलपाचं."

"गाळलं. तुला त्रास होत होता ना."

"कोण म्हणालं? मग रोज कशाला येत होतो मी? तुमचा तो चहा प्यायला?"

बाई शेजारच्या खुर्चीत बसल्याच. "अरे, मग एकदाही हसला का नाहीस?"



"हसलो असतो, तर तिचं पुढचं वाक्य ऐकू आलं नसतं."

बाई उठल्या, तशाच आत गेल्या. नवरा-बायको आरशासमोर रंग पुसत बसले होते.

"पुसू नका," बाई म्हणाल्या. "एक प्रेक्षक राहिलाय."

रिकाम्या नाट्यगृहात दोघांनी गाणं पहिल्यापासून म्हटलं. दादा हसला नाही. बाईही हसल्या नाहीत. वहिनीचं पुढचं वाक्य त्यांनाही ऐकायचं होतं.